गणंग

गावाचं नाव सूर.
कुंदा म्हणाली, वा, म्हणजे गाणं आलं.
मी म्हटलं, इथे गातो फक्त एसी,
तोही एकाच पट्टीत.

पाकिटावर छापलंय:
हिरवे मूग, पीक म्यानमारचं, भरले दुबईत.
म्हणजे तेही मजल दरमजल आलेले,
कोरडे, गोल,
तोंड मिटून.

पहिल्या खेपेला फसलो.
जूनमध्ये इथे थंड नळाला कढत पाणी येतं.
गच्चीवरची टाकी दिवसभर तापते,
आणि बंद ठेवलेला गीझर
हाच काय तो घरातला माठ.
हे ठाऊक असून सवयीने
निळ्या ठिपक्याचा नळ सोडला.
सकाळी मूग अर्धेकच्चे शिजलेले,
सालं सुटलेली, वर फेस.
त्यांची खिचडी केली. कुणाला बोललो नाही.

दुसऱ्या खेपेला पुरचुंडी खोलीतच ठेवली.
खोली अठरावर. रिमोट बशीरच्या उशाखाली.
दोन दिवस मूग नुसते फुगून बसले,
लग्नघरात रुसलेल्या आत्यासारखे.

कुंदाला फोन लावला.
"ऊब लागते त्यांना," ती म्हणाली,
"उकाडा नाही. ऊब."
बारा वर्षांच्या संसारात
या दोन शब्दांमधलं अंतर
असं उघड कुणी सांगितलं नव्हतं.
मी काही बोलणार
तेवढ्यात तिकडे कुकरची शिट्टी झाली.

तिसऱ्या खेपेला जागा सापडली:
फ्रिजच्या मागे, जिथे मोटर गुरगुरते.
लोणच्याच्या बरणीला गुंडाळून आलेलं मलमलचं फडकं,
धुऊनही तेलाचा डाग राहिलेलं.
पाणी कामावरून आणलं, बाटलीत.
आमच्याच प्लांटचं.
एका बाजूने समुद्र शिरतो,
दुसऱ्या बाजूने पाणी निघतं,
इतकं निर्मळ की त्याला चव नसते.
चव मागाहून घालतात, मापून.

रात्री दोनदा उठून गाठ चाचपली.
दुसऱ्यांदा ती कोमट लागली,
तापातून उतरलेल्या पोराच्या कपाळासारखी.

शुक्रवारी सकाळी
मोड फडक्याच्या बाहेर आले होते,
विणीच्या भोकाभोकांतून,
पांढरे, किंचित वाकडे.
सोडवताना काही तुटले.
तुटताना आवाज होतो. बारीक.

बशीर सियालकोटचा. डोकावून म्हणाला,
"भाई, ये तो ख़राब हो गए. जड़ें निकल आईं."
मी हसलो.
मग जरा वेळाने हसू थांबलं.
त्याचा व्हिसा मार्चात संपतो,
माझा ऑगस्टमध्ये.

मोहरी, हिंग, मलबारी दुकानातला कढीपत्ता,
दोन आमसुलं. ओला नारळ नव्हता,
सुक्या खोबऱ्यावर भागवलं.
आणि दिवसभर समुद्रातून मीठ काढणाऱ्या हाताने
चिमूटभर मीठ.
खराब झालेले मूग
बशीरने तीनदा वाढून घेतले.

निवडताना अकरा दाणे गणंग निघाले होते.
भिजले नाहीत, फुगले नाहीत,
बोटाखाली खडेच.
आमच्याकडे माणसालाही म्हणतात,
मला तर मास्तरच म्हणायचे.
ते खिडकीतून टाकून दिले,
भिंतीकडेला, एसीचं पाणी ठिबकतं तिथे.

दहा-बारा दिवसांनी रात्रपाळी करून परततोय,
तर त्या नळीखाली
दोन पानं. शेजारी आणखी दोन.
उकिडवा बसलो.
मोबाइल काढला, कुंदाला काय लिहावं
ते जुळवत होतो मनात,
एवढ्यात गल्लीतली बकरी आली
(इथल्या बकऱ्या कुणाच्या बापाला भीत नाहीत),
माझ्या खांद्यावरून मान घातली
आणि खाऊन टाकलं.
सगळं नाही. एक देठ ठेवला.

फोटोत अर्धं पान आहे
आणि बकरीचा कान.
तोच पाठवला.